माध्यमे कोणाच्या बाजूची? अमेरिकी परंपरावाद्यांच्या तक्रारीचा सत्तर वर्षांचा इतिहास

अमेरिकेतील निवडणुकीच्या बातम्यांत एक वाक्य हमखास आढळते: रिपब्लिकन उमेदवाराने प्रसारमाध्यमांवर पक्षपाताचा आरोप केला. डोनाल्ड ट्रम्प यांच्यामुळे ही तक्रार जगभर पोहोचली, हे खरे. तथापि ती त्यांनी जन्माला घातलेली नाही. ट्रम्प राजकारणात येण्यापूर्वी किमान अर्धशतक अमेरिकेतील परंपरावादी चळवळ हेच सांगत होती, आणि तिच्या जडणघडणीत करकपात किंवा साम्यवादविरोध यांच्याइतकेच स्थान या तक्रारीला आहे.

या तक्रारीचे परिणाम गंभीर आहेत. गॅलप या संस्थेच्या पाहणीत १९७६ साली ७२ टक्के अमेरिकी नागरिकांनी वृत्तमाध्यमांवर बऱ्यापैकी किंवा पुष्कळ विश्वास असल्याचे सांगितले होते. २०२४ साली हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. त्यातही डेमोक्रॅटिक पक्षाच्या समर्थकांपैकी ५४ टक्के, तर रिपब्लिकन समर्थकांपैकी केवळ १२ टक्के लोक त्या वर्षी माध्यमांवर विश्वास ठेवत होते. एकाच देशातील नागरिकांना काय घडले याविषयीच एकमत करता येत नसेल, तर त्यावर काय करावे याविषयीचे एकमत दूरच राहते.

शब्दांपासूनच सुरुवात

‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या शब्दासाठी मराठी वृत्तपत्रांत सनातनी, प्रतिगामी, पुराणमतवादी, रूढिवादी, उजवे असे अनेक पर्याय वापरले जातात. यांतील एकही पुरता तटस्थ नाही. ‘प्रतिगामी’ म्हणजे मागे जाणारा. हा शब्द वापरला की निवाडा आधीच झालेला असतो. ‘सनातनी’ म्हटले की मराठी वाचकाला एकोणिसाव्या शतकातील विधवाविवाह आणि संमतिवयाचे वाद आठवतात, ज्यांचा अमेरिकेतील करप्रणालीच्या चर्चेशी काहीही संबंध नाही. प्रस्तुत लेखात त्यातल्या त्यात सौम्य असा ‘परंपरावादी’ हा शब्द योजला आहे.

‘लिबरल’ या शब्दाचा घोळ याहून मोठा आहे. मराठीत ‘उदारमतवादी’ म्हटले की न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले यांची नेमस्त परंपरा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या १९३०च्या दशकातील ‘न्यू डील’ धोरणापासून या शब्दाचा अर्थ बदलला. सरकारने कर घ्यावा, उद्योगांवर नियमन ठेवावे आणि लोककल्याणावर खर्च करावा असे मानणारा तो तेथील लिबरल. त्यामुळे खुल्या बाजारपेठेचा पुरस्कार करणारा जो मनुष्य एकोणिसाव्या शतकातील युरोपात लिबरल ठरला असता, तोच आजच्या अमेरिकेत परंपरावादी ठरतो.

अमेरिकी परंपरावादही एकजिनसी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तीन प्रवाह एकत्र आले: सरकारचा हस्तक्षेप कमी असावा म्हणणारे बाजारवादी, कुटुंब आणि धर्म यांची वीण टिकावी म्हणणारे परंपरानिष्ठ, आणि सोव्हिएत संघाविरुद्ध ठाम भूमिका घ्यावी म्हणणारे साम्यवादविरोधक. या तिघांना एका छताखाली आणण्याचे काम विल्यम बकली यांनी १९५५ साली सुरू केलेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाने केले. विचारविश्वात आणि वृत्तपत्रांत उदारमतवाद्यांचे वर्चस्व आहे आणि आपल्याला बोलायला जागा नाही, ही भावना या नियतकालिकाच्या स्थापनेमागे होती. म्हणजे माध्यमांविषयीची तक्रार ही चळवळीच्या जन्माइतकीच जुनी आहे.

तक्रार पूर्वी उलट होती

अमेरिकेतील आरंभीची वृत्तपत्रे उघडपणे पक्षीय होती. अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या गटाचे ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ १७८९ साली निघाले. त्याला उत्तर म्हणून टॉमस जेफरसन यांच्या गटाने १७९१ साली ‘नॅशनल गॅझेट’ काढले. वाचकालाही आपण कोणत्या पक्षाचे पत्र वाचतो आहोत हे ठाऊक असे. आपल्याकडील लोकमान्यांच्या काळातील मतपत्रांची परंपरा ज्यांना माहीत आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. बातमी आणि मत वेगळे ठेवावे, बातमी तटस्थ असावी, हा दंडक पुढे वृत्तसंस्था, जाहिरातींवर चालणारी वृत्तपत्रे आणि पत्रकारितेचे औपचारिक शिक्षण यांच्याबरोबर रुजला. पक्षपाताचा आरोप करण्यासाठी आधी तटस्थतेचा दावा असावा लागतो. तो दावा साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच प्रस्थापित झाला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र माध्यमांविषयी तक्रार करीत ते डेमोक्रॅट. वृत्तपत्रांचे मालक धनिक होते आणि त्यांतील बहुतेक रिपब्लिकन पक्षाच्या बाजूचे होते. ‘शिकागो ट्रिब्यून’चे रॉबर्ट मॅकॉर्मिक रूझवेल्ट यांचे कडवे विरोधक होते, विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनीही आरंभीच्या पाठिंब्यानंतर त्यांच्याविरुद्ध आघाडी उघडली. १९५२ साली डेमोक्रॅटिक उमेदवार अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी द्विपक्षीय देशात एकपक्षीय वृत्तपत्रे असल्याची खंत जाहीरपणे व्यक्त केली होती. अग्रलेखातून उमेदवाराला पाठिंबा देण्याची अमेरिकी वृत्तपत्रांची प्रथा पाहिली, तर विसाव्या शतकातील बहुतेक निवडणुकांत रिपब्लिकन उमेदवाराच्या बाजूने अधिक वृत्तपत्रे उभी राहिल्याचे दिसते. १९६४ सालचा अपवाद ठळक आहे.

१९६४: गोल्डवॉटर आणि गॅलरीकडे उगारलेल्या मुठी

अॅरिझोना राज्याचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर हे परंपरावादी चळवळीचे पहिले राष्ट्रीय उमेदवार. १९६४च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को येथील रिपब्लिकन अधिवेशनात माजी राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी भाषणाच्या ओघात सनसनाटी शोधणाऱ्या स्तंभलेखकांवर टीका केली. आयझेनहॉवर स्वतः मवाळ रिपब्लिकन होते. परंतु ते वाक्य ऐकताच प्रतिनिधी उभे राहिले आणि पत्रकारांच्या गॅलरीकडे मुठी उगारून ओरडू लागले. ही प्रतिक्रिया वक्त्यालाही अनपेक्षित होती. साठलेल्या संतापाला तेथे वाट मिळाली.

त्याच वर्षी ‘फॅक्ट’ या नियतकालिकाने देशातील बारा हजारांहून अधिक मानसोपचारतज्ज्ञांना पत्र पाठवून गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदासाठी मानसिकदृष्ट्या योग्य आहेत काय, असे विचारले. २,४१७ जणांनी उत्तर दिले आणि त्यांतील १,१८९ जणांनी ते अयोग्य असल्याचे सांगितले. यांपैकी कोणीही त्यांना तपासले नव्हते. गोल्डवॉटर निवडणूक मोठ्या फरकाने हरले. परंतु नियतकालिकाविरुद्धचा बदनामीचा खटला त्यांनी जिंकला. पुढे १९७३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, स्वतः न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीच्या मनःस्थितीविषयी मत देऊ नये असा नियम केला. तो आजही ‘गोल्डवॉटर नियम’ म्हणून ओळखला जातो.

१९६४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन’ या खटल्यात निर्णय दिला. सार्वजनिक अधिकाऱ्याला बदनामीची भरपाई हवी असेल, तर वृत्तपत्राने मजकूर खोटा असल्याचे जाणून किंवा सत्यासत्याची बेफिकिरी दाखवून छापला हे सिद्ध करावे लागेल, असे त्यात ठरले. नागरी हक्क चळवळीच्या वार्तांकनाला या निर्णयाने संरक्षण दिले. दक्षिणेकडील अनेक गोऱ्या मतदारांना मात्र उत्तरेकडील पत्रकार आपल्याविरुद्ध एकतर्फी लिहितात असे वाटत होते. वंशभेदाच्या बाबतीत पत्रकार योग्य बाजूला होते हे आज जवळपास सर्वमान्य आहे. परंतु माध्यमांविषयीच्या रोषाचा एक झरा तेथून वाहतो, ही गोष्टही नाकारता येत नाही. या तक्रारीचा इतिहास सांगताना तिचे समर्थक हा भाग सहसा वगळतात.

अॅग्न्यू यांचे भाषण

तक्रारीला सरकारी व्यासपीठ मिळाले ते १३ नोव्हेंबर १९६९ रोजी. त्याआधी दहा दिवस राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी व्हिएतनाम युद्धाविषयी देशाला उद्देशून भाषण केले होते आणि ‘मूक बहुसंख्यां’ना साद घातली होती. भाषण संपताच दूरचित्रवाणीवरील भाष्यकारांनी त्याची चिकित्सा केली. उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अॅग्न्यू यांनी आयोवा राज्यातील डे मॉइन येथे त्याला उत्तर दिले. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथे राहणारी, एकमेकांतच वावरणारी, कोणीही निवडून न दिलेली मूठभर माणसे कोट्यवधींनी काय पाहावे हे ठरवतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. भाषणाचा मसुदा पॅट ब्युकॅनन यांनी लिहिला होता. ज्या तीन वाहिन्यांवर टीका होती, त्या तिन्ही वाहिन्यांनी ते भाषण थेट प्रक्षेपित केले.

पुढच्या वर्षी अॅग्न्यू यांनी टीकाकारांना सतत नकारघंटा वाजवणारे ‘नबॉब’ म्हटले. विल्यम सफायर यांनी रचलेली ही अनुप्रासयुक्त शिवी अमेरिकेत आजही आठवली जाते. यातील ‘नबॉब’ हा शब्द आपल्याकडच्या ‘नबाबा’चाच इंग्रजी अवतार आहे.

अॅग्न्यू यांच्या युक्तिवादात तथ्य होते आणि अडचणही होती. तीन वाहिन्यांच्या हाती देशाची सायंकाळ एकवटली होती, हे खरे. परंतु वाहिन्यांचे परवाने सरकारच्या हाती असताना उपराष्ट्राध्यक्षाने केलेली टीका ही निव्वळ टीका राहत नाही; तिला धमकीची छटा येते. पुढे निक्सन प्रशासनाने ‘पेंटॅगॉन पेपर्स’चे प्रकाशन थांबवण्याचा प्रयत्न केला आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला. वॉटरगेट प्रकरणानंतर ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांनी राजीनामा दिला. पत्रकारांच्या दृष्टीने हा व्यवसायाचा सर्वोच्च क्षण ठरला. अनेक परंपरावाद्यांच्या मनात मात्र वेगळी नोंद झाली: १९७२ साली ५० पैकी ४९ राज्यांत विजय मिळवलेला राष्ट्राध्यक्ष माध्यमांनी घालवला. टेपवर ध्वनिमुद्रित झालेला पुरावा निक्सन यांचा स्वतःचाच होता, हे या नोंदीत बसत नाही.

आरोपाचे चार भाग

पक्षपाताचा आरोप एकसंध नाही. त्याचे चार भाग वेगळे करून पाहिले की विचार सोपा होतो.

पहिला आरोप पत्रकारांच्या वैयक्तिक मतांविषयीचा. याला भक्कम आधार आहे. अमेरिकी पत्रकारांच्या दीर्घकाळ चाललेल्या पाहण्यांत स्वतःला रिपब्लिकन म्हणवणाऱ्यांचे प्रमाण १९७१ साली सुमारे २६ टक्के होते. २०१३ साली ते ७ टक्क्यांवर आले आणि २०२२ साली साडेतीन टक्क्यांच्याही खाली गेले. बहुसंख्य पत्रकार स्वतःला अपक्ष म्हणवतात, हेही येथे नोंदवले पाहिजे.

दुसरा आरोप बातमीच्या निवडीविषयीचा: काय छापावे, काय दाबावे. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने जो बायडेन यांचे पुत्र हंटर यांच्या लॅपटॉपमधील मजकुरावर बातमी दिली. ट्विटरने त्या बातमीचा दुवा देण्यासच मनाई केली, फेसबुकने तिचा प्रसार मर्यादित केला आणि अनेक मोठ्या वृत्तपत्रांनी ती रशियन कारस्थान असण्याच्या शक्यतेने हाताळली. २०२२ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दोघांनीही त्यातील काही ईमेल अस्सल असल्याचे सांगितले. बायडेन यांच्या वार्धक्याविषयीची परंपरावाद्यांची तक्रारही याच जातीची होती. २७ जून २०२४ च्या वादचर्चेत ती दुर्बलता साऱ्या देशाने पाहिली आणि २१ जुलै रोजी बायडेन यांनी माघार घेतली.

तिसरा आरोप शब्दांविषयीचा: ‘अवैध परदेशी’ की ‘कागदपत्रे नसलेले स्थलांतरित’, ‘गर्भपातविरोधी’ की ‘जीवनवादी’. शब्द निवडला की बाजू निवडली, असे या आरोपाचे म्हणणे आहे.

चौथा आरोप दुहेरी मापाचा. आपल्या चुकांची चिरफाड होते आणि त्यांच्या चुकांवर पांघरूण पडते, असा तो आहे. हा सिद्ध करणे सर्वांत कठीण, कारण दोन घटना तंतोतंत सारख्या कधीच नसतात. तरीही काही प्रसंग या आरोपाला बळ देतात. सप्टेंबर २००४ मध्ये सीबीएस वाहिनीने जॉर्ज बुश यांच्या नॅशनल गार्डमधील सेवेविषयी काही कागदपत्रे दाखवली. १९७०च्या दशकातील टंकलेखन यंत्रावर अशी अक्षरे उमटू शकतात काय, अशी शंका सामान्य लोकांनी इंटरनेटवर उपस्थित केली. दोन आठवड्यांच्या आत वाहिनीला त्या कागदपत्रांच्या सत्यतेची हमी देता येत नसल्याचे मान्य करावे लागले. वृत्तनिवेदक डॅन रादर मार्च २००५ मध्ये त्या आसनावरून पायउतार झाले.

संशोधन काय सांगते

अभ्यासकांचे निष्कर्ष दोन्ही बाजूंच्या घोषणांपेक्षा बरेच संयत आहेत. डेव्ह डालेसिओ आणि माइक अॅलन यांनी २००० साली राष्ट्राध्यक्षीय निवडणुकांच्या वार्तांकनावरील अनेक अभ्यास एकत्र तपासले. वृत्तपत्रांत त्यांना लक्षणीय पक्षपात आढळला नाही, दूरचित्रवाणीवर थोडासा आढळला. टिम ग्रोसक्लोझ आणि जेफ्री मिल्यो यांनी २००५ साली वेगळी पद्धत वापरून बहुतेक मोठी माध्यमे मध्यबिंदूच्या डावीकडे असल्याचे दाखवले; त्या पद्धतीवर बरीच टीकाही झाली. मॅथ्यू गेन्ट्झको आणि जेसी शपिरो यांच्या २०१० सालच्या अभ्यासाने आणखी एक बाजू पुढे आणली: वृत्तपत्राचा कल मालकाच्या मतांपेक्षा त्याच्या वाचकांच्या मतांशी अधिक जुळतो. ग्राहकाला जे हवे ते दुकानात ठेवावे, तसाच हा प्रकार.

वाचकाविषयीचाही एक महत्त्वाचा निष्कर्ष आहे. रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी १९८५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग प्रसिद्ध केला. बैरूतमधील १९८२ सालच्या हत्याकांडाच्या त्याच दूरचित्रवाणी बातम्या इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या गेल्या. दोन्ही गटांना त्या बातम्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. म्हणजे पक्षपात बातमीत असू शकतो तसा तो पाहणाऱ्याच्या नजरेतही असू शकतो; कोणताही एक पक्ष याला अपवाद नाही.

स्वतःची माध्यमे

तक्रार करता करता परंपरावाद्यांनी पर्यायही उभा केला. रेडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रांनी वादग्रस्त विषयांना वेळ द्यावा आणि दोन्ही बाजू मांडाव्यात, असे बंधन घालणारा ‘न्याय्यता सिद्धान्त’ १९४९ पासून लागू होता. १९८७ साली रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत दळणवळण आयोगाने तो रद्द केला. तो कायद्यात आणण्यासाठी काँग्रेसने संमत केलेल्या विधेयकावर रेगन यांनी आधीच नकाराधिकार वापरला होता. गंमत अशी की, फिलिस श्लाफ्ली यांच्यासारख्या काही परंपरावादी नेत्यांना तो सिद्धान्त टिकावा असे वाटत होते; त्याच्याच आधारे आपल्याला वाहिन्यांवर थोडीफार जागा मिळते, अशी त्यांची समजूत होती.

घडले ते उलट. १ ऑगस्ट १९८८ रोजी रश लिंबॉ यांचा रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला आणि काही वर्षांतच तो कोट्यवधी श्रोत्यांपर्यंत पोहोचला. १९९४ साली रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनंतर प्रतिनिधिगृहात बहुमत मिळवले, तेव्हा नव्या सदस्यांनी लिंबॉ यांना आपल्या तुकडीचे मानद सदस्य केले. ७ ऑक्टोबर १९९६ रोजी रूपर्ट मर्डॉक यांची फॉक्स न्यूज वाहिनी सुरू झाली. तिचे प्रमुख रॉजर एल्स हे १९६८च्या प्रचारात निक्सन यांचे दूरचित्रवाणी सल्लागार होते. स्टेफानो डेलाविन्या आणि ईथन कॅप्लन यांच्या अभ्यासानुसार, ज्या गावांत ही वाहिनी पोहोचली तेथे २००० सालच्या निवडणुकीत रिपब्लिकन मतांत ०.४ ते ०.७ टक्का बिंदूंची वाढ झाली. फ्लोरिडातील अवघ्या ५३७ मतांनी ठरलेल्या निवडणुकीत हा आकडा क्षुल्लक म्हणता येत नाही.

पर्यायी माध्यमांनीही मग तोच दोष अंगी आणला, असे परंपरावादी गोटातूनच म्हटले जाते. नोव्हेंबर २०२० मध्ये निवडणुकीच्या रात्री फॉक्सने अॅरिझोना राज्य बायडेन यांच्या पारड्यात टाकले. अंदाज बरोबर ठरला. परंतु प्रेक्षक संतापले आणि काही जण अधिक कडव्या वाहिन्यांकडे वळले. त्यानंतर मतदानयंत्रांत घोटाळा झाल्याचे निराधार दावे फॉक्सवरून प्रसारित झाले. यंत्रे बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने दावा लावला आणि एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. निवेदक आणि अधिकारी यांचा स्वतःचा त्या दाव्यांवर विश्वास नव्हता, हे खटल्यात पुढे आलेल्या संदेशांवरून दिसले. दर्शकाला दुखवू नये म्हणून सत्य बाजूला ठेवले गेले. जोना गोल्डबर्ग आणि स्टीव्ह हेज या दोन ज्येष्ठ परंपरावादी भाष्यकारांनी २०२१ सालीच फॉक्सशी संबंध तोडले होते.

राष्ट्राध्यक्षांचे मूल्यमापन

माध्यमांइतकाच परंपरावाद्यांचा अविश्वास इतिहासकारांवर आहे. राष्ट्राध्यक्षांची क्रमवारी लावण्याची प्रथा आर्थर श्लेसिंगर यांनी १९४८ साली सुरू केली. तिच्यात लिंकन, वॉशिंग्टन, रूझवेल्ट वर असतात. त्यावर वाद नाही. वाद आहे तो खालच्या जागांवर. सरकारने काही मोठे केले म्हणजेच कर्तृत्व, असे इतिहासकार मानतात, हा परंपरावाद्यांचा आक्षेप. त्यांच्या दृष्टीने सरकारला आवर घालणे हेही कर्तृत्वच. म्हणूनच १९२०च्या दशकात कर आणि खर्च कमी करणारे कॅल्व्हिन कूलिज त्यांना आदरणीय वाटतात. रेगन यांनी सत्तेवर येताच व्हाइट हाउसमधील मंत्रिमंडळाच्या दालनात कूलिज यांचे चित्र लावले, ते याच भावनेतून.

रेगन यांचेच उदाहरण बोलके आहे. धाकट्या श्लेसिंगर यांच्या १९९६ सालच्या पाहणीत त्यांचा क्रमांक २५वा होता. दोन्ही विचारांचे अभ्यासक समतोल प्रमाणात घेऊन ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ आणि फेडरलिस्ट सोसायटी यांनी २००० साली केलेल्या पाहणीत ते आठवे आले. २०२१ सालच्या सी-स्पॅन पाहणीत ते नववे होते. याचा अर्थ परंपरावाद्यांचा मूळ आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. तसेच काळ गेल्यावर इतिहासकार आपले मत बदलतात, हेही यातून दिसते. निक्सन यांच्याविषयी मात्र परंपरावादी स्वतःच दुभंगलेले आहेत: त्यांनी किंमती आणि वेतन गोठवले, पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन केली, चीनशी संबंध जोडले. माध्यमांनी ज्यांना कट्टर उजवे म्हटले, ते चळवळीच्या मोजपट्टीवर पुरेसे उजवे नव्हते.

ट्रम्प यांच्याविषयीही एकमत नव्हते. जानेवारी २०१६ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ने त्यांच्याविरुद्ध खास अंक काढला होता. पुढे पक्ष ट्रम्प यांच्यामागे गेला आणि विरोध करणारे परंपरावादी बाजूला पडले. त्यांना पक्षाजवळ खेचणारे सर्वांत प्रभावी सूत्र बहुधा माध्यमांवरील रोष हेच होते.

गोव्याशी एक धागा

या साऱ्या घडामोडींत गोमंतकीय वंशाचे एक नाव येते. मुंबईत १९६१ साली गोवेकर ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले दिनेश डिसूझा विद्यार्थी म्हणून अमेरिकेत गेले, डार्टमथ कॉलेजात ‘डार्टमथ रिव्ह्यू’ या परंपरावादी पत्राचे संपादक झाले आणि नंतर रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये सल्लागार होते. विद्यापीठांतील वैचारिक एकसाचीपणावर टीका करणारे त्यांचे १९९१ सालचे पुस्तक विरोधकांनाही दखल घ्यावी लागली असे होते. पुढे त्यांनी पुस्तकांवरून प्रचारपटांकडे मोर्चा वळवला. २०१४ साली निवडणूक निधीच्या नियमभंगाचा गुन्हा त्यांनी कबूल केला. २०१८ साली ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. २०२० च्या निवडणुकीत मतपत्रिकांचा घोटाळा झाल्याचा दावा करणारा त्यांचा २०२२ सालचा चित्रपट वितरक कंपनीने २०२४ साली मागे घेतला आणि त्यात चुकीने गोवल्या गेलेल्या एका नागरिकाची माफी मागितली. डिसूझा यांनीही नंतर माफी मागितली. प्रस्थापित माध्यमांवरील टीका आणि स्वतःच्या माध्यमातील शिस्त या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या एका कारकिर्दीत स्पष्ट दिसते.

सत्ता आणि तक्रार

फेब्रुवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी प्रमुख वृत्तमाध्यमांना जनतेचे शत्रू म्हटले. दुसऱ्या कारकिर्दीत तक्रारीचे रूपांतर कृतीत झाले. मेक्सिकोच्या आखाताला सरकारने दिलेले ‘अमेरिकेचे आखात’ हे नवे नाव स्वीकारले नाही, म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहरांना राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात प्रवेश नाकारला गेला आणि वाद न्यायालयात गेला. डिसेंबर २०२४ मध्ये एबीसीने दीड कोटी आणि जुलै २०२५ मध्ये सीबीएसच्या मालक कंपनीने १ कोटी ६० लाख डॉलर देऊन ट्रम्प यांचे दावे मिटवले. त्याच जुलैत काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी रद्द केला. करदात्यांच्या पैशावर एकाच विचाराची माध्यमे चालू नयेत, हा परंपरावाद्यांचा जुना मुद्दा त्यामागे आहे आणि तो मुद्दा म्हणून विचारात घेण्याजोगा आहे. परंतु सरकारचा हात आखडता असावा असे मानणाऱ्या विचाराला, तोच हात वृत्तपत्राच्या शब्दकोशापर्यंत पोहोचलेला चालेल काय, हा प्रश्न त्या गोटातीलही काही जण विचारत आहेत.

मराठी वाचकासाठी

अमेरिकेच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात त्या बहुतांशी असोसिएटेड प्रेस, रॉयटर्स, एएफपी यांच्याकडून, किंवा त्यांवर आधारलेल्या भारतीय वृत्तसंस्थेच्या मजकुरातून. त्यांची शब्दनिवड आणि विषयांची निवड आपण अनुवाद करताना नकळत उचलतो, वर आपली ‘सनातनी’सारखी विशेषणे जोडतो. त्यामुळे न्यूयॉर्कमधील वाचकापेक्षा डिचोली किंवा बेळगावातील वाचक या प्रश्नापासून दूर आहे, असे मानण्याचे कारण नाही.

काही साध्या खबरदाऱ्या उपयोगी पडतात. बातमी आणि मत यांतील फरक पाहावा. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे अग्रलेख परंपरावादी असतात, परंतु तिचा वार्ताविभाग स्वतंत्र आहे. आरोप वाचताना तो वरील चारपैकी कोणता आहे हे विचारावे, कारण पत्रकाराचे मत ठाऊक असणे म्हणजे त्याची बातमी खोटी ठरणे नव्हे. चूक झाल्यावर माध्यमाने काय केले ते पाहावे: दुरुस्ती छापली, चौकशी केली, की विषयच बदलला? आणि एखाद्या घटनेविषयी ठाम मत होण्यापूर्वी विरुद्ध बाजूच्या एका जबाबदार लेखकाचे म्हणणे वाचावे. अमेरिकेत अशा लेखकांचा तुटवडा नाही. आपल्यापर्यंत येणाऱ्या तारांत मात्र ते क्वचितच असतात, म्हणून त्यांना मुद्दाम शोधावे लागते.